बद्रीनाथरावांचा हिरवा ठिपका

“मुकुंदवाडीवरून एक विमान जरी माझ्या नजरेतून सुटलं, तर मिशी काढून ठेवीन!”

बद्रीनाथरावांनी हे जाहीर केलं तेव्हा चौकातल्या चहाच्या टपरीवर चौघे जण होते. त्यातल्या दोघांना ऐकू कमी यायचं आणि उरलेले दोघे निघायच्या बेतात होते. पण बत्तीस वर्षं एसटीच्या मध्यवर्ती स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यावर, समोरचा ऐकतो आहे की नाही हे बघायची गरज माणसाला राहत नाही. ते बोलत राहिले.

झालं होतं असं. निवृत्तीनंतर सहा महिने त्यांना करमेना. पहाटे चारला जाग यायची आणि पुणे गाडी लागली की नाही, या काळजीनं जीव घाबरा व्हायचा. मग कुठंतरी त्यांनी वाचलं, की विमानांचा माग काढणारी एक परदेशी कंपनी घरी बसवायला फुकट मशीन देते. अर्ज केला आणि कुरिअरनं डबी आली. गच्चीवर पाइपाला अँटेना, तिथून वायर खाली मागच्या पडवीत, आणि पडवीतल्या एकुलत्या एक प्लगात ती डबी. दोनशे किलोमीटरच्या टापूत विमान आलं की डबीला त्याचा पत्ता लागायचा आणि मोबाईलवर दिसायचं. बद्रीनाथरावांनी लगेच नवं रजिस्टर आखलं. गाडी क्रमांक, कोठून, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. दिल्लीचं विमान नऊ मिनिटं उशिरा उतरलं, तर शेऱ्यात ‘समज द्यावी’ असं ते लाल शाईनं लिहीत.

मोबाईलवर मशीनची तब्येतही कळायची. चालू असलं तर हिरवा ठिपका, बंद पडलं तर लाल. बद्रीनाथराव दिवसातून चाळीस वेळा तो ठिपका बघत. बायको सारजाबाई म्हणायच्या, “मला ताप आला तवा एकदा तरी कपाळाला हात लावला व्हता का?”

आणि एके दिवशी ठिपका लाल झाला! चौकातून बद्रीनाथराव चपला हातात घेऊन पळत आले. बघतात तर डबी सुरू, प्लग जागेवर, सगळं ठीक. हा ठिपका तासभर उशिरानं बदलायचा, म्हणजे बंद पडून पुन्हा सुरूही झालं होतं. चार तारखेला हे झालं, बारा तारखेला पुन्हा. बद्रीनाथरावांनी रजिस्टरात नोंद केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘घातपात?’

संशय कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. शेजारचा राजेंद्र! त्याचं पहिल्यापासून अँटेनाशी वाकडं. त्याच्या आई चंपाबाई तर सांगत फिरायच्या, की ह्या दांडीला आपल्या घरातलं सगळं बोलणं ऐकू जातं. दांडी लागल्यापासून त्या सुनेशी कुजबुजत भांडायच्या. सून खूश होती, तिनं सारजाबाईंना गुपचूप सांगितलं, “काकू, मशीन काढू नका हं!”

“कंपाउंडवरून उडी मारून पडवीत येत असणार,” बद्रीनाथराव म्हणाले.

“राजेंद्र? उडी?” सारजाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “त्याला स्कूटरवर बसायला स्टूल लागतं.”

“तू गप. तुला यातलं कळत नाय.”

सारजाबाई गप्प बसल्या. जरा जास्तच पटकन गप्प बसल्या, पण हे बद्रीनाथरावांच्या ध्यानात आलं नाही.

त्यातच पुण्याहून लेकीचा, सायलीचा फोन आला. तिचे सासू-सासरे, आवडाबाई आणि साहेबराव, अठ्ठावीस तारखेला हैदराबादहून विमानानं चिकलठाण्याला उतरणार होते. तिथून आपल्याकडे जेवून मग कन्नडला गावी जाणार. ही गोष्ट साधी नव्हती. लग्नात फेटे बांधता बांधता नेमके साहेबरावांच्या पाळीला फेटे संपले होते. व्याह्यांनी टोपीवर लग्न लावलं आणि त्या दिवसापासून ह्या घराचा उंबरा चढले नव्हते. सायलीलाही दिवाळीला माहेरी यायचं तर दहा वेळा विचारावं लागायचं.

“बाबा, लई मुश्किलीनं तयार केलंय त्यांना. तुम्ही स्वतः घ्यायला जा. ह्यावेळी काही घोळ नको!” तिच्या आवाजात रडू होतं.

लेकीसाठी बद्रीनाथराव काहीही करायला तयार होते. “अगं, घ्यायला जाणं काय घेऊन बसलीस! परळीच्या अलीकडं आले की मला दिसतील ते. स्वतःच्या मशीनवर! असा मान कोणत्या व्याह्यानं दिलाय?”

म्हणजे आता ठिपका लाल होऊन चालणारच नव्हतं. बद्रीनाथरावांनी सापळा लावला. कपाटातून एसटीच्या शिक्क्याची जांभळी शाई काढली आणि प्लगला चारी बाजूंनी चोपडली. जो हात लावील त्याची बोटं बोलतील!

वीस तारखेला ठिपका लाल झाला. बद्रीनाथराव धावत घरी आले. प्लगवरची शाई पुसटली होती! ते तसेच बाहेर पळाले. फाटकात राजेंद्र उभा होता, आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटावर जांभळा डाग!

“सापडला! सापडला चोर!” बद्रीनाथरावांनी त्याचं मनगट धरलं. गल्ली गोळा झाली. “रंगेहाथ धरलाय! बघा सगळ्यांनी ह्याचं बोट!”

सगळ्यांनी बघितलं. मग सगळ्यांनी आपापलं बोट बघितलं.

“काका,” राजेंद्र थंडपणे म्हणाला, “कल महापालिकेचं मतदान था ना? ह्या चाळीस लोकांनी मिळून तुमचा प्लग काढला क्या? आणि तुमचं बोट दाखवा बरं जरा.”

बद्रीनाथरावांच्या डाव्या बोटावर तस्साच डाग होता. काल सकाळी सातला, रांगेत पहिला नंबर लावून, त्यांनीच तो लावून घेतला होता! चंपाबाईंनी बोटं मोडली, पोरं हसली, आणि बद्रीनाथराव मान खाली घालून घरात आले. सारजाबाईंनी चहा आणून ठेवला. बशीच्या काठावर जांभळ्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा!

मतदानाची शाई अंगठ्याला लावत नाहीत, एवढं बद्रीनाथरावांना कळत होतं.

“सारजा! तू?”

सारजाबाईंनी एक उसासा सोडला, त्यांना पडवीत नेलं आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली मोटर! नळाच्या लाइनीला मोटर लावायला बंदी. गल्लीतल्या लोकांनी मोटरी लावू नयेत म्हणून अर्ज कुणी दिला होता? बद्रीनाथरावांनी! त्यामुळे गल्लीत मोटर कुणाकडेच नव्हती आणि टाक्या मात्र सगळ्यांच्या भरत होत्या. आपली टाकी का भरते, याचं कारण बद्रीनाथराव चौकात अभिमानानं सांगायचे, “आपल्याकडं प्रेशर चांगलंय.”

“हे प्रेशर!” सारजाबाई मोटरीवर थाप मारून म्हणाल्या. “पाणी आठ दिवसांनी येतं, इमान रोज येतं. मंग प्लग कुणाचा काढू? तुमाला सांगितलं असतं तर तुमी माझ्यावरच अर्ज दिला असता!”

दिला असता. बद्रीनाथरावांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि गार झालेला चहा प्याले.

पण खरा बाँब पुढेच होता. चार, बारा, वीस. पुढचं पाणी अठ्ठावीसला!

अठ्ठावीस तारखेला बरोबर बाराच्या ठोक्याला गल्लीत आरोळी उठली, “पाणी आलं!” पुरणाचे हात तसेच घेऊन सारजाबाई पडवीत आल्या. बद्रीनाथराव प्लगावर हात ठेवून बसले होते.

“व्हा बाजूला. पाव्हणे पाय कशानं धुतील?”

“आणि पाव्हणे मला दिसतील कशानं? विमान सुटलंय तिकडून!”

“घरात आल्यावर दिसतील की डोळ्यानं!”

दोघंही हटेनात. आवाज इतका चढला की पलीकडून चंपाबाईंना, दांडी असूनही, मोठ्यानं बोलायचा धीर आला. “राज्या, दे रे त्यांना वायर! व्याही यायचे म्हंजे गल्लीची इज्जत हाय!”

राजेंद्रनं कंपाउंडवरून वायर टाकली आणि मागोमाग स्टूल घेऊन स्वतःही डोकावला. “काका, दुसऱ्याच्या मशीनवरून विमान असंही मोबाईलवर दिसतंच की.”

“व्याही माझे आणि मशीन दुसऱ्याचं? नाय चालणार!”

डबी राजेंद्रच्या विजेवर लागली, मोटर सारजाबाईंच्या प्लगात घरघरू लागली. ठिपका हिरवाच! बद्रीनाथरावांनी चष्मा पुसला, रजिस्टर मांडीवर घेतलं, आणि बत्तीस वर्षांचा आवाज सोडला.

“हैदराबादहून येणारी गाडी परळीवरून निघालेली आहे!”

गल्लीतल्या गच्च्यांवर माणसं जमली.

“माजलगाव! गेवराई! हैदराबाद गाडी गेवराई सोडून पुढं आलेली आहे!”

चंपाबाईंनी उगीचच हात जोडले. आणि मग खरोखरच डोक्यावरून विमान घरघरत गेलं, इतकं खाली की दोरीवरची धोतरं हलली. मोबाईलवरचं विमान आणि आकाशातलं विमान एकाच वेळी चिकलठाण्याच्या धावपट्टीवर टेकलं. टाळ्या पडल्या! राजेंद्रनं शिट्टी मारली. बद्रीनाथरावांचे डोळे पाणावले. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘१२.४७. सात मिनिटे उशीर. पाहुणे असल्याने समज देऊ नये.’ रजिस्टर मिटलं, हात धुतले, आत जाऊन पाटावर बसले आणि म्हणाले, “वाढ गं. दमलो बुवा.”

सारजाबाईंनी पुरणपोळी वाढली. तूप सोडलं. मग त्यांनी बद्रीनाथरावांच्या मागं, दाराकडं बघितलं.

“व्याही कुठंत?”

“आले की. बारा सत्तेचाळीसला.”

“आले, मंग कुठंत?”

बद्रीनाथरावांचा घास तोंडाशी थांबला. गाडी फलाटाला लागली, रजिस्टरात नोंद झाली, की नियंत्रकाचं काम संपलं. उतरलेली माणसं पुढे कुठं जातात, हे बत्तीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आजही ते त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर. घड्याळात सव्वा झालेला. सायलीचा रडवेला आवाज कानात घुमला. तेवढ्यात फोन वाजला. साहेबराव!

“बद्रीनाथराव,” आवाज अगदी मऊ होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. “अर्धा तास झाला, उन्हात उभे आहोत. तुमच्या मशीनमधी दिसतो का आम्ही?”

बद्रीनाथरावांना माफी मागायची होती. पोटातून मागायची होती. पण उतारू चिडलेला असला की त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं, आणि तेही स्पीकरवर बोलल्यासारखं खणखणीत.

“प्रवाशांनी कृपया गोंधळ करू नये! जादा गाडी सोडण्यात येत आहे!”

पलीकडं आवडाबाई हळूच विचारताना ऐकू आल्या, “काय म्हणतात व्याही?”

“काय नाय,” साहेबराव म्हणाले. “रिक्षाला हात कर. स्टँडवर जाऊ आणि कन्नडची एसटी बघू.”