रंगनाथचा डोंगर

आमच्या शेजारचा रंगनाथ माणसाला रामराम घालायच्या आधी तो किती उंचीवर उभा आहे ते बघतो. हुद्द्यानं नव्हे, जमिनीनं. तुम्ही त्याच्या दारात गेलात तर तो आधी तुमच्या पायांकडं बघणार, मग उंबऱ्याकडं, आणि म्हणणार, "तुम्ही माझ्यापेक्षा चार बोटं वर हाय. या."

हा पाटबंधारे खात्यात खलाशी होता. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. साहेब दुर्बिणीतून बघतात तेव्हा लांब उन्हात आकड्यांची पट्टी धरून जो उभा असतो, तो. यानं जन्मभर पट्टी धरली. रिटायर झाल्यावर पट्टी खात्याकडं राहिली, तेव्हा यानं गवंडी लोक वापरतात तसली लेवलची नळी घेतली. पारदर्शक नळी, आत पाणी. ती डॉक्टरसारखी गळ्यात टाकून हिंडतो. बिडकीनला माझ्या साडूच्या पोरीच्या लग्नात हा स्टेजवर चढला, नळी लावली आणि भर मांडवात बोलला, "नवरी दोन बोटं उतारावर बसलीय." नवरीच्या खुर्चीखाली पुठ्ठा सरकवला तेव्हाच खाली उतरला. साडू अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"पाण्याला विचारा," हे याचं पालुपद. "पाणी तोंड बघून बोलत नाय."

मी चौथी शिकलेला, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचललेला माणूस. मला गोड बोलता येत नाही. मी त्याला तोंडावर येडा म्हणायचो. तो मान डोलवायचा आणि त्याचं सांगणं पुढं चालू. सांगणं एकच. कोकणातलं पाणी डोंगरावरून इकडं आणायचं.

"दादा, डोंगराच्या त्या अंगाला पाऊस पडून पडून लोक कावलेत. सगळं पाणी समुद्रात. ह्या अंगाला आपण नळाची वाट बघतोय. मधी काय हाय? नुसता डोंगर. पंपानं वर चढवायचं, बोगद्यातनं काढायचं, गोदावरीत सोडायचं. जिथं उतार घावंल तिथं चाकावर पाडायचं, वीज बी मिळंल."

"आणि चढवायला वीज कुठून आणणार?"

"ती लागंल."

"मिळंल त्यापेक्षा जास्ती लागंल ना? मग ह्याला मोंढ्यात तोटा म्हणतात."

"तोटा विजेचा झाला, दादा. पाणी तर आलं ना!"

घाटमाथ्यावर त्यानं स्वतः पट्टी धरली होती म्हणे. धुक्यात साहेबाला पट्टी दिसेना, म्हणून दुपारपर्यंत तसाच उभा. "साहेब बदलून गेले, कागद कुठं गेले ठावं नाय. डोंगर मात्र हाय तिथं हाय," असं म्हणायचा.

दोन वर्षांमागं यानं आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीला लागून, आपल्या बाजूला, तो डोंगर उभा केला. मुरूम, विटांचे तुकडे, वर सिमेंटचा हात. कमरेएवढा. खाली प्लास्टिकचा टब, ते कोकण. टबात कूलरची मोटर. पाणी माथ्यावर चढायचं, उतारावरच्या पत्र्याच्या चाकावर पडायचं आणि डोंगराच्या पोटात गडप व्हायचं. चाकाला सायकलचा डायनामो, डायनामोला बल्ब. बल्ब कधी लागला नाही. गल्लीतली माणसं यायची, हसायची, जायची. पुढं कुणी येईना.

आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. अशा गावात हा डोंगराला पाणी पाजतो, याचा मला संताप यायचा. आमची शांता म्हणायची, "अहो, असू द्या. त्याला कुणी नाही." तिचं मन तसंच होतं. मागच्या अंगणात तिनं लिंबोणी लावली होती, तिच्याशी सुद्धा बोलायची.

मग शांता आजारी पडली. ताप उतरेना. एक दिवस घरात पाण्याचा थेंब नव्हता, नळाचा दिवस उलटून गेलेला. तिच्या कपाळावर घडी ठेवायला पाणी पाहिजे, म्हणून कळशी घेऊन मी रंगनाथकडं गेलो. बघतो तर टब काठोकाठ भरलेला आणि मोटर चालू.

"माझी बायको तापानं फणफणतीय, आणि तू समुद्र भरून बसलायस?"

"दादा, ते पाणी..."

मी ऐकलं नाही. डोंगराला लाथ घातली. दुसरी घातली. माथा ढासळला, चाक वाकलं. रंगनाथ आत गेला, प्यायच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेला. मी हंडा घेतला, पण त्याच्याशी बोलणं टाकलं.

तापाच्या बाराव्या दिवशी शांता गेली.

स्मशानात हा आला होता. सगळे हात जोडून उभे, आणि यानं सरणापाशी वाकून नळी लावली. म्हणाला, "दादा, वहिनींच्या डोक्याकडं उतार हाय." लोकांनी डोळे वटारले. मला वाटलं, इथंच याची मान धरावी. यानं एक लाकूड काढलं, उशाला सारलं, परत नळीत बघितलं आणि बाजूला झाला.

त्यानंतर मी मागच्या अंगणात गेलोच नाही. भांडी घासायची तिची शिळा तिथं आहे, ती बघवत नव्हती. सकाळी मोंढ्यात जाऊन बसायचं, जेवणवेळेला यायचं, पडायचं. उन्हाळा पेटला. मनात आलं, लिंबोणी वाळून काडी झाली असेल, तोडून टाकू. कुऱ्हाड घेऊन मागं गेलो.

लिंबोणी हिरवीगार. लिंबं लागलेली.

मी कुऱ्हाड खाली ठेवली. बुडाशी माती ओली होती. हात लावला, नाकाला लावला. साबणाचा वास. भिंतीत एक वीट काढून नळीचा तुकडा बसवलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. पलीकडं मोटर घरघरत होती.

मी भिंतीवरून वाकून बघितलं. रंगनाथ डोंगराला मुरूम थापत होता. डोंगर नवा होता. चाक वाकडंच होतं, बल्ब नव्हता.

"रंगनाथ."

तो ताडकन उठला आणि डोंगराच्या आडवा झाला. "दादा, लाथ नका मारू. ओला हाय अजून."

"हे कवापासून चाललंय?"

"वहिनींचे गुडघे धरले तवापासून. बादली उचलवत नव्हती त्यांना. माझी आंघोळ झाली की ते पाणी टबात टाकायचो."

"मग सरळ पाइप टाकायचा. डोंगर कशाला पाहिजे होता?"

"तुमचं अंगण माझ्यापेक्षा हातभर वर हाय, दादा. मोजलंय. चढवल्याशिवाय कसं येणार?"

लाथ घातली तो पाय जड वाटत होता.

"आता ती नाही," मी म्हणालो. "आता कशाला करतोस?"

तो गळ्यातली नळी चाचपत राहिला. "तुम्ही मोंढ्यात गेला की वहिनी त्या शिळेवर बसायच्या. पाणी येईस्तोवर मी इकडनं सगळं सांगायचो, कोकणापासून गोदावरीपर्यंत. रोज तेच. त्या रोज विचारायच्या, मग बोगदा कुठं काढायचा? आता सांगायला कुणी नाय. पाणी तेवढं सोडतो."

मी घरात गेलो. सकाळच्या आंघोळीचं पाणी न्हाणीत बादलीत साचलं होतं, ते उचललं, वळसा घालून त्याच्या दारानं गेलो आणि टबात ओतलं. परत आपल्या अंगणात आलो आणि शांताच्या शिळेवर बसलो.

"सांग," मी भिंतीकडं तोंड करून म्हणालो.

पलीकडं मोटर बंद झाली.

"दादा, लई येळ लागंल."

"मला कुठं जायचंय?"