कॅमेऱ्याकडे पाहू नये

निसर्गाने माणसाला डोळे दोन दिले आहेत, पण त्यांतला एक मिटून घेतल्याशिवाय कलावंत होता येत नाही. हे सत्य जगाला कधी कळले ते ठाऊक नाही. बऱ्हाणपुरात ते १९४९ साली कळले. त्याआधी आमच्या गावची माणसे खुशाल दोन्ही डोळ्यांनी पाहत असत, आणि त्यामुळे कलेचे जे नुकसान झाले ते आता भरून निघणे कठीण आहे.

ते दिवस विलीनीकरणाचे होते. रोज वर्तमानपत्र उघडावे तर कुठले ना कुठले संस्थान विलीन झालेले असायचे. बऱ्हाणपुरात विलीन करण्याजोगे संस्थान एकही नव्हते, ही गोष्ट गावातल्या सुशिक्षितांना फार लागली. शोध घेता असे आढळले की गावात हौशी छायाचित्रकारांच्या मात्र दोन संस्था आहेत. एक शहरातले छायाचित्रकार मंडळ : सभासद सहा, कॅमेरा एक. दुसरा लालबागचा कॅमेरा क्लब : सभासद पाच, कॅमेरा नाही. पण क्लबचे अध्यक्ष दत्तात्रय वकील यांच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती, आणि फिल्म धुवायला अंधारी खोली लागते. कॅमेरा एकीकडे आणि अंधार दुसरीकडे, अशा स्थितीत देश पुढे जाणे शक्य नव्हते.

करार सतरा कलमांचा झाला. वकीलसाहेबांनी आपले न्हाणीघर संघात बिनशर्त विलीन केले (अट एकच : सकाळी आठपर्यंत ते आंघोळीसाठी स्वतंत्र राहील). बदल्यात त्यांना तहहयात अध्यक्षपद मिळाले, आणि सभेला येताना दोन मॅग्नेशियम पट्ट्या पेटवून सलामी. तंत्रप्रमुख म्हणून शाळेतले ड्रॉइंग मास्तर प्रभाकर यांना नेमले, कारण त्यांनी पुण्याला एक प्रदर्शन पाहिले होते. मी चिटणीस झालो. माझे अक्षर बरे आहे.

या करारातले चौदावे कलम प्रत्येक हौशी माणसाने देवघरात लावावे असे आहे : ‘चित्रातील व्यक्तीने कॅमेऱ्याकडे पाहू नये. पाहिल्यास ती कलाकृती न समजता नुसता फोटो समजण्यात येईल.’

कलमाचा रोख चौकातल्या गिरधरवर होता. गिरधर हा पोटासाठी फोटो काढणारा माणूस. तो गिऱ्हाइकाला रंगवलेल्या तळ्यापुढे बसवी, दोन बोटांनी हनुवटी सरळ करी आणि म्हणे, “इधर देखो. हिलो मत.” परिणामी त्याच्या फोटोतला माणूस हुबेहूब त्या माणसासारखा दिसे. कला याहून खाली जाऊ शकत नाही असे प्रभाकर मास्तरांचे मत पडले, आणि सभेने ते टाळ्यांच्या गजरात मंजूर केले.

पहिल्या वर्षी संघाने एकूण ४१२ चित्रे घेतली. त्यांत सूर्यास्त १४८, असीरगड ९६ (पैकी ४० धुक्यातील, तो असीरगडच असावा असा अंदाज), बैलगाडीचे चाक ७१, घाटाच्या पायऱ्या ५२, भिंगापुढे आलेले स्वतःचेच बोट ३१, आणि संपूर्ण काळी १४. ही शेवटची चौदा वकीलसाहेबांनी काढली असल्यामुळे ‘अंधाराचे प्रयोग’ या नावाने वेगळी मांडली. प्रत्येक पौर्णिमेला सभासद एकमेकांची चित्रे पाहत, एक डोळा मिटून मान तिरपी करीत आणि “ग्रेन चांगला आलाय” असे म्हणत. ग्रेन म्हणजे काय, हे विचारण्याचा गावंढळपणा कोणी केला नाही.

एकच उणीव राहिली होती. चित्रांत माणूस नव्हता. दुसऱ्या वर्षी प्रदर्शन भरवायचे ठरले, परीक्षक खंडव्याहून येणार होते, आणि मोठ्या शहरांतले लोक अलीकडे माणसेही काढू लागले आहेत अशी बातमी मास्तरांनी आणली. तेव्हा आश्विनातल्या एका सकाळी आम्ही कॅमेरा, तिकाटणे आणि आठ चित्रांची एक फिल्म घेऊन माणूस शोधायला राजघाटावर गेलो.

तिथे भिकन आणि त्याची बायको धुरपदाबाई पायरीवर बसलेली होती. तापीकाठच्याच एका खेड्यात त्यांची थोडी कपाशी होती. धुरपदाबाईने हातातले पागोटे उलगडले होते आणि ती ते नवऱ्याच्या डोक्याला नीट बांधून देत होती. मास्तरांनी विचारपूस केली. गाठ मारून ती उठली आणि बाजूला येऊन म्हणाली, “डाक्तरले दाखवलं, भाऊ. त्यानं मले बाहीर बोलावून सांगतलं का दिवाळी पाह्यली त पाह्यली. म्हून गिरधरकडे नेतो आता. एक फोटू काढून ठेवतो.”

मास्तर दचकले. गिरधरचे नाव संघात सहसा कोणी घेत नसे.

“माहा चुडामन सात वरसाचा गेला,” ती म्हणाली. “बारा साल झाले. पह्यले डोळे मिटले का दिसे. आता त्याचं तोंड याद नाही येत मले. कपाळापर्यंत येते न् मिटून जाते. यांचं तसं नको व्हाले.”

“मावशी, गिरधर काय, बसवलेले मुडदे काढतो,” मास्तर म्हणाले. “हम निकालेंगे ना. जिवंत चित्र.”

“तोंड येईन ना पन?”

“तोंड काय घेऊन बसलात? आत्मा येईल.”

तिने आत्मा मागितला नव्हता, पण मास्तर एकदा द्यायला निघाले की मागणाऱ्याला विचारत नाहीत. शिकलेली माणसे, त्यांत एक वकील. धुरपदाबाईने विश्वास ठेवला. गिरधरचा स्टुडिओ तिथून दहा मिनिटांवर होता.

त्या सकाळची चित्रे संघाच्या दप्तरी अशी नोंदली आहेत. पहिले, ‘अस्त’ : पाठमोरा भिकन, समोर तापी, खांद्याची हाडे उन्हात उठून दिसलेली (वेळ सकाळी नवाची, अस्त हा भावार्थाने घ्यावा). दुसरे, ‘श्रम’ : दोन हात, उजव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले. तिसरे, ‘वाटचाल’ : टाचांच्या भेगा. चौथे, पागोटे, वरच्या पायरीवरून. पाचवे, सावली. सहावे, डावा कान आणि त्यामागे खोचलेली विडी. सातवे, काठी (या चित्रात भिकन नाही, पण त्याचा अभाव फार प्रभावीपणे आला आहे).

या कामाला अडीच तास लागले, कारण विषयाने सहकार्य केले नाही. फोटो काढून घ्यायला आलेला माणूस असल्यामुळे तो सारखा कॅमेऱ्याकडे वळे.

“बाबा, इकडे नका पाहू. नदीकडे पाहा. समजा, आम्ही इथे नाहीच,” मास्तर म्हणत.

“मंग मी कोनासाठी बसलो, मास्तर?” भिकनने एकदा विचारले. कार्यवृत्तात या प्रश्नापुढे ‘हशा’ असे लिहिले आहे. ते अक्षर माझेच आहे.

ऊन चढले. त्याला ढास लागली. धुरपदाबाई लोटा घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “चुडामनचे बाबा, पानी प्या दोन घोट.” त्याने वळून तिच्याकडे पाहिले, आणि नेमकी त्याच क्षणी मास्तरांच्या बोटाखाली कळ दाबली गेली. फिल्म संपली. चौदाव्या कलमाचा असा धडधडीत भंग संघाच्या इतिहासात दुसरा नाही.

चार दिवसांनी वकीलसाहेबांच्या न्हाणीघरात फिल्म धुतली. सात चित्रे उत्तम निघाली. आठवे चित्र फोटो असल्याचे एकमताने ठरले, आणि नियमाप्रमाणे ते निगेटिव्ह प्रयोग विभागाकडे गेले. प्रयोग विभाग म्हणजे प्रभाकर मास्तर. फिल्मवर कढत पाणी ओतले की वरचा थर आकसून भेगाळतो, असे त्यांनी कुठेसे वाचले होते, आणि न्हाणीघरात बंब तयारच होता. प्रयोग कमालीचा यशस्वी झाला. ओल्या फिल्मवर उन्हाळ्यातली काळी जमीन उमटली. मास्तरांनी तिचे मोठे चित्र करून त्याला नाव दिले, ‘तहानलेली भूमी’.

दरम्यान धुरपदाबाई दोनदा खेड्यावरून चालत येऊन फोटो मागून गेली. पहिल्या खेपेला तिला फिल्म ओली असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेला कलम अकरा वाचून दाखवले : प्रदर्शनापूर्वी कलाकृती बाहेर दाखवता येत नाही. “त्याले आता उठवत नाही, भाऊ,” ती म्हणाली, “नाही त गिरधरकडे नेला असता.” वकीलसाहेबांनी तिला धीर दिला की मोठ्या कामाला वेळ लागतोच. दिवाळी आठ दिवसांवर असताना भिकन गेला. डॉक्टरांचा अंदाज थोडा चुकला.

प्रदर्शन कार्तिकात, शाळेच्या हॉलमध्ये भरले. ‘अस्त’ला पहिले बक्षीस मिळाले आणि ‘तहानलेली भूमी’ला तिसरे. या दुसऱ्या चित्राविषयी परीक्षकांनी लिहिले, ‘भेगांच्या आडून कोणी आपल्याकडे पाहत आहे असा भास होतो.’ मास्तरांनी तात्काळ खुलासा दिला की हा दोष आहे, आणि पुढच्या वेळी पाणी अधिक तापवू.

शेवटच्या दिवशी धुरपदाबाई आली. वकीलसाहेबांनी तिला स्वतः हॉलमधून फिरवले. तिने हात पाहिले, टाचा पाहिल्या, कान पाहिला. काठीपाशी म्हणाली, “हे त घरीच हाये.” मग मास्तरांनी ‘अस्त’ खिळ्यावरून काढला, पुठ्ठ्यासकट तिच्या हातात दिला आणि हे संघाकडून भेट म्हणून समजावे असे सांगितले.

तिने तो थोडा वेळ धरला.

“पाठ त म्या जलमभर पाह्यली, मास्तर,” ती म्हणाली. “वावरात जाताना पुढे तोच चाले. मले तोंड दाखवा.”

मास्तरांनी चित्रातल्या प्रकाशाविषयी काही सांगितले. तिने ‘अस्त’ बाकावर ठेवला आणि दाराकडे निघाली. दाराशेजारी ‘तहानलेली भूमी’ लावली होती. तिथे ती थांबली. परीक्षकसुद्धा एवढा वेळ थांबले नव्हते.

“हे काय हाये, भाऊ?” तिने मला विचारले.

“जमीन,” मी म्हणालो.

“आमच्या इकडलीच दिसते,” ती म्हणाली, आणि गेली. मला त्या वेळी अतिशय लाज वाटली. कार्यवृत्तात लाजेसाठी रकाना नसल्यामुळे तिची नोंद झालेली नाही.

त्याच संध्याकाळी सभेने शोकप्रस्ताव संमत केला, आणि ग्रामीण भागात कलेची जाण वाढवण्यासाठी त्रिसदस्य उपसमिती नेमली. उपसमितीने सूर्यास्तापासून सुरुवात करावी असे ठरले.

हे सर्व मी दप्तर पाहून, एक शब्द पदरचा न घालता लिहिले आहे. भिकनच्या टाचा तुम्हाला आता माहीत आहेत. अंगठ्याचे काळे नख, खांद्याची हाडे, कानामागची विडी, पागोटे, काठी, सावली, सगळे तुम्ही लक्ष देऊन पाहिलेत. तो काळा होता की सावळा, त्याला मिशी होती की नव्हती, पाण्यासाठी वळून बायकोकडे पाहिले तेव्हा तो कसा दिसला, हे मी कुठेही सांगितलेले नाही, आणि इथपर्यंत येताना तुमच्या मनात ते विचारायचे एकदाही आले नाही. संघात सध्या सभासदांच्या दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज करण्याची गरज नाही. तुमचे नाव मी लिहून घेतले आहे.