नुसतं एंटर दाबायचं

तान्ह्या श्रियाला खांद्यावर टाकून आणि लसीकरणाची फाइल बगलेत धरून ऋजुताने उरलेल्या एका हाताने लॅपटॉपवर आज्ञा टाइप केली आणि ती नेमकी चुकीची निघाली. स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न उमटला आणि उत्तराची वाट बघत बसला.

"गेलं! आता हे एकेक विचारत बसणार."

"कोण विचारत बसणार?" सोफ्यावरून नीलाताईंनी विचारलं. नीलाताई म्हणजे ऋजुताच्या सासूबाई. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण प्रश्न म्हटलं की त्यांचे कान अजून टवकारायचे.

ऋजुता वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत इंजिनियर होती. दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजवर नजर ठेवणारा एक डबा ते लोक बनवत होते. तापमान चढलं की डब्याने बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. डब्यात नवा, स्वस्त प्रोसेसर बसवला होता आणि त्यासाठी नवा कर्नल तयार करायचा होता. कर्नल म्हणजे आतल्या चिप आणि वरचे प्रोग्रॅम यांची गाठ घालून देणारा भाग. त्यात काय हवं, काय नको, ही यादी आधी ठरवावी लागते. जास्त घेतलं तर डब्यात मावत नाही, हवं ते राहिलं तर डबा चालत नाही.

डबा तीन आठवडे चालतच नव्हता. फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर तव्यावर, तो आपला शून्य दाखवायचा. बाळंतपणाच्या रजेनंतरचं ऋजुताचं हे पहिलं काम. तिचा साहेब यज्ञेश काल अगदी प्रेमाने म्हणाला होता, "उद्या चारपर्यंत बघू. नाय झालं तर अद्वयला देऊन टाकू. तुला पण जरा आराम." अद्वय म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्या 'आराम' शब्दाने ऋजुताचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आई, एक काम कराल? मी माजिवड्याला डॉक्टरांकडे जाऊन येते. इथे प्रश्न येतील. तुम्ही नुसतं एंटर दाबत राहायचं, ठरलेलं उत्तर आपोआप जातं."

"न वाचता?"

"न वाचता."

"आणि समजा वाचलं तर?"

"आई, प्लीज! रिक्षा थांबलीये खाली."

एंटर न दाबता हे सगळं आपोआप करणारी आज्ञा ऋजुताला रिक्षा वर्तकनगरचा नाका ओलांडत असताना आठवली. तिने लगेच फोन केला. तो उचलला गेला नाही, कारण नीलाताई कामावर असताना फोन घेत नसत.

आता नीलाताईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी तीन जनगणना केल्या होत्या. उन्हातान्हात दारोदार जाऊन, कुत्री आणि संशयी सासवा यांना तोंड देत. न वाचता सही करणं आणि न विचारता रकाना भरणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी सारख्याच पापाच्या होत्या. त्यांनी कपाटातून एक लांब वही काढली, पट्टीने रकाने आखले, शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं लिहिलं आणि चष्मा पुसून त्या लॅपटॉपसमोर बसल्या.

जॉयस्टिक आहे का? नीलाताईंनी आठवून बघितलं. माळ्यावर मुलाचं, शौनकचं, लहानपणी व्हिडिओगेम खेळायचं एक होतं. हो. हौशी रेडिओ आहे का? तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदरावांकडे होता. नीलाताई जिना चढून स्वतः विचारून आल्या. आहे, पण बंद आहे. तरीही हो, बंद असला म्हणून नाही कसं म्हणायचं? मग भाषांचे प्रश्न आले. तुर्की लिपी लागेल का? आइसलँडची? त्या जरा घुटमळल्या. आपल्याकडे कुणी नाही, पण उद्या कुणी आलंच आइसलँडहून, तर त्याला दारातून परत पाठवायचं? आइसलँडपुढेही 'हो' पडलं.

पुढे चिपांची भलीमोठी रांग लागली. अमुक नंबरची आहे का, तमुक नंबरची आहे का. इथे शेजारीपाजारी विचारून भागणार नव्हतं. नीलाताईंनी टेबलावर उघडून ठेवलेल्या डब्यातली, चिपा बसवलेली हिरवी पाटी उचलून खिडकीशी नेली, देवघरातल्या पोथीजवळचं भिंग आणलं आणि एकेका चिपेवरचा नंबर वाचून, बोट ठेवून, वहीत उतरवून घेतला.

दोन वाजता ऋजुता परतली तेव्हा श्रिया झोपली होती आणि नीलाताईंचे डोळे चमकत होते.

"झालं गं! तीनशे बेचाळीस. एकही रकाना रिकामा नाही."

ऋजुताने स्क्रीनकडे पाहिलं. कर्नल नेहमीच्या दुपटीहून जास्त फुगला होता. "आई... हे काय? तुर्की?"

"आइसलँडसुद्धा."

"मी म्हटलं होतं ना नुसतं एंटर दाबा!" ऋजुताचा आवाज चढला आणि मग फुटलाच. "चार वाजता दाखवायचंय हो मला. हे मावणारच नाही त्याच्यात. माझं काम जाईल अद्वयकडे, आणि सगळे म्हणतील, बरं झालं, बिचारीला जमत नव्हतं."

नीलाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही मिटून बाजूला सारली आणि त्या श्रियाचं पांघरूण सारखं करायला वळल्या. ते पांघरूण आधीच सारखं होतं.

ऋजुताला आपलीच लाज वाटली. पाठमोऱ्या सासूबाईंकडे बघवेना म्हणून तिने वही ओढली. प्रश्न, उत्तर, शेरा. 'विचारून खात्री केली.' 'माळ्यावर आहे, चालू स्थितीत नसावे.' अक्षर इतकं सुबक, की यादी पुसून टाकायचा तिला धीर होईना. पानं उलटता उलटता ती एका ओळीवर थांबली. तापमान मोजणारी चिप. नंबरापुढे शेरा होता : 'पाटीवर प्रत्यक्ष पाहून.'

"आई, हा नंबर चुकलाय. आमच्या ड्रॉइंगमध्ये दुसरा आहे."

"चुकायचा नाही. तीनदा वाचला मी."

"अहो, ड्रॉइंगमध्ये—"

"कागदावर काय आहे ते नाही लिहायचं, ऋजुता," नीलाताई वळून म्हणाल्या. हा आवाज शाळेतला होता. "रेशनकार्डावर आठ नावं असतात आणि घरात राहतात पाच. आपण उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, आणि जे आहे ते लिहायचं."

ऋजुताने भिंग घेतलं. खिडकीशी जाऊन तिने चिपेवरचा नंबर वाचला, तो वहीतलाच निघाला. ठरलेली चिप बाजारात मिळाली नसणार. पुरवठादाराने तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बसवून दिली होती आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन आठवडे तिचा कर्नल त्या घरात राहतच नसलेल्या माणसाला हाका मारत होता.

"आई!" ती एवढंच म्हणाली आणि लॅपटॉपवर तुटून पडली.

कर्नलला दिलेल्या डब्याच्या वर्णनात तिने चिपेचं नाव बदललं. मग छाटणी सुरू झाली. नीलाताई शेजारी वही धरून उभ्या राहिल्या आणि एकेक ओळ खोडत गेल्या. जॉयस्टिक गेलं. आनंदरावांचा रेडिओ गेला. "त्यांना सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

"आइसलँड काढू?"

नीलाताईंनी एक सुस्कारा सोडला. "काढ. इतक्या लांबून कोण येतंय."

ऋजुता डबा घेऊन ऑफिसात धावली. चारला पाच मिनिटं कमी असताना यज्ञेशने तो तिथल्या फ्रिजमध्ये ठेवला. स्क्रीनवर आकडा उतरत उतरत पाचवर आला आणि थांबला. त्याने डबा बाहेर काढून तळहातात धरला, तर थोड्या वेळाने डब्याने अशी बोंब ठोकली की अद्वय खुर्चीवरून उठला.

"काय बोलतेस!" यज्ञेश म्हणाला. "काय केलंस तू?"

"मी नाही. आमच्या आईंनी जनगणना केली," ऋजुता म्हणाली, आणि मग तिने सगळं नीट सांगितलं, काही न लपवता. यज्ञेशने तिथल्या तिथे डब्याचं पुढचं काम तिच्या नावावर टाकलं, आणि यापुढे आलेली प्रत्येक पाटी भिंगाखाली बघायची असा फतवा काढला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नीलाताई बाल्कनीत श्रियाला घेऊन बसल्या होत्या. ऋजुताने सगळी हकिकत सांगितली. नीलाताई मनापासून हसल्या.

"म्हणजे ते आता परत नाही विचारणार?"

"नाही, यादी झाली ना. का हो?"

"काही नाही." त्या श्रियाचे केस सारखे करत राहिल्या. "बरं वाटलं गं. तीनशे बेचाळीस प्रश्न विचारले त्याने मला, आणि दरवेळी उत्तराला थांबलं. निवृत्त झाल्यापासून नुसतं 'तुम्ही बसा', 'तुम्ही राहू द्या'. विचारत कुणी नाही."

ऋजुता स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, गॅस पेटवला आणि ती थांबली. परत बाल्कनीच्या दाराशी आली.

"आई, तुम्हाला चहा आवडतो की कॉफी?"

नीलाताईंनी सवयीने थोडा विचार केला. "कॉफी," त्या म्हणाल्या.

"अहो, लग्न होऊन आल्यापासून पाच वर्षं मी तुम्हाला चहा देतेय!"

"चांगला असतो तोही."

ऋजुताने गॅस बंद केला, डबे उघडून पाहिले. घरात कॉफी नव्हतीच. तिने पायात चपला सरकवल्या आणि जिना अर्धा उतरल्यावर खालूनच ओरडून विचारलं, "साखर किती?"