इंदूताईंचं मानपत्र

तासवडीच्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवात सत्काराच्या वेळी व्यासपीठावरून माणसाबद्दल जे बोललं जातं, ते टाळ्या पडल्या की खरं होतं.

गावात याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. मंडपवाल्या चौगुल्यांबद्दल 'यांनी कधी कशाची अपेक्षा केली नाही' असं म्हटलं गेलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दार वाजलं तरी ते मान वर करत नाहीत. बायको रुसून माहेरी गेली तेव्हा केली नाही आणि परत आली तेव्हाही नाही. गेल्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाबद्दल 'हा मुलगा झोपतच नाही' असं कौतुकानं सांगितलं होतं. यंदा तो नवा चित्रपट घेऊन आला. चित्रपट बरा आहे, त्याच्या डोळ्यांकडे मात्र बघवत नाही.

सत्कार नाकारता येतो. आजवर दोघांनी नाकारला. त्यांचा उल्लेख 'प्रसिद्धीपासून दूर राहणारी, कुठेही न दिसणारी माणसं' असा झाला आणि त्यालाही टाळ्या पडल्या. घरचे लोक अजून शोधतात.

त्यामुळे यंदाच्या यादीत आपलं नाव आहे हे कळल्यावर इंदूताई ढवळ्यांनी धास्तीच घेतली. एकोणीस वर्षं महोत्सवाचे पाहुणे दिग्दर्शक त्यांच्याच घरी उतरत आले होते. आलेल्याला थालीपीठ, आजारी पडला तर काढा, आणि चित्रपट पडला तर वर दोन चांगले शब्द. चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचं राहून गेलं, ही समितीची खंत होती. इंदूताईंना ते राहिलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

रिवाजाप्रमाणे मानपत्राचा मसुदा घरी आला. हरकतीसाठी सात दिवसांची मुदत होती. मुलगी रेवती पहिल्या बाळंतपणासाठी आली होती, तिला आठवा लागला होता. तिनंच मसुदा वाचून दाखवला. पाचव्या ओळीपाशी ती अडखळली आणि पुढचं मनातच वाचू लागली. इंदूताईंनी कागद ओढून घेतला. लिहिलं होतं, 'या तरुण दिग्दर्शकांवर त्यांनी पोटच्या मुलीपेक्षा जास्त माया केली.'

त्या तशाच चपला घालून छाननी समितीच्या हुद्दारांकडे गेल्या.

"हुद्दारसाहेब, ही ओळ काढा."

हुद्दारांनी चष्मा लावला. "भाषा चांगली उतरलीय हो, ताई."

"भाषेला काय जाळायचंय? पोरगी बाळंतपणाला आलीय माझ्याकडं."

"मग 'पोटच्या मुलीइतकीच' करू या? बरोबरीत सुटेल."

"बरोबरी पण नको. माझी माया आहे तिथं राहू द्या."

हुद्दारांनी ओळीवर काट मारली, बाजूला सही केली, शिक्का उठवला. "काळजी करू नका. उपमा तर आम्ही कधीच्याच बंद केल्यात. जाधव गुरुजींना दीपस्तंभ म्हटलं गेलं ना, तेव्हापासून."

"कसे आहेत गुरुजी?"

"टेकडीवर असतात. अंधार पडला की दिसतात."

इंदूताई उठता उठता थांबल्या. "आणि ऐन वेळेला कुणी भलतंच बोललं तर?"

"टाळ्या पडायच्या आत तुम्ही 'हरकत' म्हणायचं. वाक्य बाद. नियमच आहे तसा."

"कुणी म्हटलंय कधी?"

हुद्दारांनी शिक्का डबीत ठेवला. "नाही बुवा. चारचौघांत आपलं कौतुक चाललेलं असताना कोण मध्ये तोंड घालणार?"

सोहळा सकाळी अकराचा होता. शाल झाली, नारळ झाला, सूत्रसंचालक हणमंते सरांनी मानपत्र वाचलं. ओळी मोजून-मापून लिहिलेल्या होत्या. 'इंदुमती ढवळे या तासवडीत राहतात. त्या स्वयंपाक उत्तम करतात.' टाळ्या पडल्या. इंदूताईंनी तिसऱ्या रांगेतल्या रेवतीकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात एक कार्यकर्ता वाकून सरांच्या कानाशी लागला. प्रमुख पाहुण्यांची गाडी अजून घाटात होती. वीस मिनिटं काढायला हवी होती.

हणमंते सर माणूस सज्जन, पण त्यांच्या हातात माईक आणि समोर रिकामी वीस मिनिटं म्हणजे चरायला मोकळं कुरणच. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "कागदावर नाही ते सांगतो," ते म्हणाले, आणि इंदूताई खुर्चीत पुढे सरकल्या.

सर बराच वेळ थालीपिठावर बोलले. मग काढ्यावर आले. मग त्यांचा आवाज भरून आला. "मित्रहो, ही पोरं कुठली कोण! पण या माउलीनं त्यांच्यावर पोटच्या मुलीपेक्षा..."

इंदूताई ताडकन उभ्या राहिल्या. शब्द ओठांवर आला होता. पण समोर सहाशे माणसं कौतुकानं बघत होती, सरांचे डोळे पाणावले होते, आणि चांगलं बोलणाऱ्याला मध्येच तोडायची जिभेला सवय नव्हती. जीभ टाळ्याला चिकटली. पुरे करा, हात जोडते, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. जोडलेले हात त्यांनी कपाळापर्यंत नेले.

"पोटच्या मुलीपेक्षा जास्त माया केली! आणि हा विनय बघा!" सर म्हणाले.

सभागृह भारावलं. तिसऱ्या रांगेत रेवती पोट सावरत उठली आणि "हरकत! हरकत!" म्हणून ओरडली. एक तर नातेवाइकांना तो अधिकार नाही, आणि टाळ्यांत ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

टाळ्या ओसरल्या तशी इंदूताईंची धास्ती विरून गेली. आपण घाबरलो होतो हे त्यांना आठवत होतं. त्यात घाबरण्यासारखं काय होतं, ते मात्र कळेना.

ग्रुप फोटोसाठी दिग्दर्शक मंडळी वर आली. त्यांच्या मागून कठडा धरत रेवतीही आली. तिला धाप लागली होती, पाय सुजले होते.

"आई, माझ्याकडं बघ."

इंदूताईंनी पाहिलं. पोरगी गुणी होती, त्यांना पहिल्यापासून आवडायची.

"आई, मला बसू दे गं जरा."

व्यासपीठावर एकच खुर्ची रिकामी होती. शेजारी एक धडधाकट दिग्दर्शक उभ्या उभ्या फोन बघत होता.

"थांब हं बाळ, दमलाय तो," इंदूताई म्हणाल्या आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.