सातवी क मधला चारशे तेरावा

“माझ्या तक्त्यात एक चूक काढून दाखवा, मिशी उतरवीन!”

शाळेचे हेडक्लार्क वर्षातून एकदा स्टाफरूमच्या दारात उभे राहून हे जाहीर करायचे. पोरं त्यांना पाठीमागे बेरीजराव म्हणायची आणि त्यांना ते मनातून आवडायचं. पाचवी ते आठवीची सरकारी शाळा, चारशे बारा विद्यार्थी. कोण कुठून येतं, घरी कोणती भाषा बोलतं, गणितात किती आणि विज्ञानात किती, सगळं बेरीजरावांना तोंडपाठ. सव्वीस वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. मिशी शाबूत होती.

यंदा मात्र शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांच्या माहितीचा फॉर्म कॉम्प्युटरवर आणला. शिक्षकांनी हात टेकले. “घाबरू नका,” बेरीजराव म्हणाले, “मी एक ओळ भरून दाखवतो, तिच्याबरहुकूम भरा.” आणि त्यांनी विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात ‘नमुना’ लिहिलं. इयत्ता सातवी, तुकडी क, वय बारा.

इथवर ठीक होतं. पण पुढे प्रश्न आले आणि पंचाईत झाली. मनाने रचून खोटी माहिती लिहायची बेरीजरावांच्या हाताला सवयच नव्हती! म्हणून पुढची सगळी त्यांनी स्वतःचीच भरली. पत्ता स्वतःचा. हजेरी शंभर टक्के, कारण ते रजा घेतच नसत. घरी बसून करायचं काय? घरातली माणसं? एक. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरी बोलली जाणारी भाषा? बेरीजराव थबकले. खरं तेच लिहायचं तर... त्यांनी लिहिलं, ‘कोणतीच नाही’. गुणांचे रकाने तेवढे रिकामे ठेवले.

शिक्षकांनी त्या ओळीखाली आपापली मुलं भरली, बेरीजरावांनी गुणांच्या बेरजा तपासल्या आणि ऐटीत ‘पाठवा’वर बोट दाबलं. ‘नमुना’ पुसायचा राहिला.

आठच दिवसांत खात्याच्या भाषा विभागाचं पत्र आलं. “आपल्या शाळेत ‘कोणतीच नाही’ ही भाषा बोलणारा एक विद्यार्थी आढळला आहे. त्याला मातृभाषेतून पुस्तकं देणं हे आमचं कर्तव्य आहे. लिपी त्वरित कळवावी.”

बेरीजरावांनी पत्र ड्रॉवरमध्ये, सगळ्या फायलींच्या तळाशी कोंबलं. पण दुसऱ्या दिवशी खात्याचा थेट मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना फोन! तुमच्या शाळेत ‘नमुना’ नावाचं एक मूल रोज येतं, एकही दिवस चुकवत नाही आणि सगळ्या विषयांत शून्य मिळवतं. घरात एकटंच राहतं. आमच्या अधिकारी बाई उद्या पाहणीला येतील.

मोठ्या बाईंनी तातडीची मीटिंग बोलावली. बेरीजराव कोपऱ्यात घामाघूम. आता कोणीतरी म्हणेल, असं मूलच नाही, आणि संपलं सगळं!

“नमुना कोणाच्या वर्गात आहे?” बाईंनी विचारलं.

एवढं दुःखी मूल आपल्याला माहीतच नाही हे कबूल कोण करणार?

“माझ्याच,” सातवी क च्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. “गुणी आहे हो! पण बोलत म्हणून नाही.”

“मागच्या बाकावर बसतो,” विज्ञानाचे सर म्हणाले. “डोळे फार करुण आहेत.”

“परवाच चक्कर आली होती त्याला!” पीटीचे सर गरजले. “मी स्वतःच्या हाताने केळं खाऊ घातलं!”

बेरीजराव ऐकतच राहिले. सव्वीस वर्षं ते याच व्हरांड्यातून ये-जा करत होते. जेवलात का, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि या नमुन्याला केळं! त्यांना त्या पोराचा चक्क हेवा वाटला.

अधिकारी बाई आल्या त्या वही-पेन सरसावूनच. “नमुना कुठाय?”

“आज आला नाही,” बेरीजराव घाईघाईने म्हणाले.

“हजेरी शंभर टक्के आहे ना त्याची?”

“म्हणजे... आजपर्यंत होती.”

“अरे देवा! मग आजच काय झालं?” अधिकारी बाई ताडकन उठल्या. “चला, घरी जाऊन बघू. पत्ता आहे माझ्याकडे!”

गाडीत पुढे अधिकारी बाई, मागे मोठ्या बाई, पीटीचे सर आणि त्या दोघांच्या मध्ये चेपून बसलेले बेरीजराव. पत्ता ऐकून कोणाला काहीच खटकलं नाही, कारण बेरीजराव कुठे राहतात हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. पत्त्याची नोंद असलेलं त्यांचं सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात होतं. वाटेत तीनदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि तीनदा पीटीच्या सरांनी “बिचारं पोर!” म्हणून त्यांच्याच मांडीवर थाप मारली.

तीन जिने चढून मंडळी दाराशी आली. दारावर पाटी नव्हती. भेटायला येणार कोण, म्हणून ती कधी लावलीच नव्हती. मोठ्या बाईंनी कडी वाजवली. मग अधिकारी बाईंनी. मग पीटीच्या सरांनी दोन्ही हातांनी दार बडवलं.

“नमुन्या! घाबरू नकोस बाळा! आम्ही आलोय!”

“जेवलास का रे?” मोठ्या बाईंचा आवाज कापत होता. “दार उघड, राजा.”

बेरीजराव सगळ्यांच्या मागे, खिशातली किल्ली मुठीत आवळून उभे होते. आठ वर्षांत त्या दारावर इतक्या मायेने कोणी थाप मारली नव्हती. क्षणभर तेही दाराकडे आशेने बघत राहिले. वेडेपणाच! आत कोणी नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

एवढ्यात समोरच्या खोलीतल्या आजी बाहेर आल्या. चष्मा सावरून त्यांनी बेरीजरावांकडे पाहिलं.

“अहो क्लार्कसाहेब, स्वतःच्याच दारात काय उभे राहिलात? किल्ली हरवली की काय?”

तिघांच्या माना एकदम वळल्या. बेरीजरावांनी किल्ली काढली, दार उघडलं आणि खाली मान घालून म्हणाले, “या ना. मीच नमुना.”

खोलीत खुर्ची एकच होती. अधिकारी बाई तिच्यावर बसल्या, मोठ्या बाई कॉटवर, आणि पीटीचे सर पालथ्या बादलीवर. बेरीजरावांनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

अधिकारी बाईंनी फॉर्म उघडला. “घरात माणसं एक. भाषा कोणतीच नाही. हे खरं आहे?”

“नाव, वर्ग आणि वय सोडून सगळं खरं आहे.”

“आणि शून्य गुण?”

“रिकाम्या रकान्यात कॉम्प्युटर आपोआप शून्य घालतो, बाई.”

“मग मी केळं कोणाला दिलं?” पीटीच्या सरांनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मोठ्या बाई भिंतीवरच्या एकुलत्या एक खुंटीकडे, तिच्यावरच्या एकुलत्या एक शर्टाकडे बघत होत्या. बेरीजरावांना वाटलं, आता मेमो मिळणार. सव्वीस वर्षांची अब्रू पाण्यात!

“नोंद मी रद्द करते,” अधिकारी बाई म्हणाल्या. “पण घरभेट झालीये, त्यावर पालकाची सही लागते. त्याशिवाय प्रकरण बंद होत नाही.”

पालक! बेरीजराव कसनुसं हसले. “कोणाची आणू?”

“आणा तो कागद इकडे,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी झोकात सही ठोकली. मग चष्म्यावरून बेरीजरावांकडे डोळे वटारून पाहिलं. “सगळ्या विषयांत शून्य! लाज वाटत नाही? उद्यापासून मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत बसायचं. कळलं?”

“हो, बाई,” बेरीजराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कागद घेतला. इतक्या वर्षांनी कोणाशी जेवताना बोलायचं तर तयारी नको? नीट रेघा मारून त्यांनी सात मुद्दे काढले: मुलीचं पत्र, दुखणारी दाढ, बायकोला आवडणारी कुंडीतली झाडं, असे एकेक. घंटा होताच डबा आणि कागद घेऊन ते बाईंच्या खोलीत हजर झाले.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि बोलायला सुरुवात केली. गुडघा, सून, छतावरची गळकी टाकी, पुन्हा गुडघा, पुन्हा सून! बेरीजराव मान डोलवत राहिले. बाई श्वास कधी घेतात याची ते वाट बघत होते, पण बाईंनी तो घेतलाच नाही. शेवटी सुट्टी संपल्याची घंटा झाली.

“बरं, तुम्ही सांगा. तुमचं कसं काय?” बाई उठता उठता म्हणाल्या.

“ठीक,” बेरीजराव म्हणाले.

ऑफिसात परत येऊन बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, डबा उघडलाच नव्हता. कागदावरचे सातही मुद्दे जसेच्या तसे होते. त्यांनी तो कागद व्यवस्थित घडी घालून डब्यावर ठेवला. काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आता उद्याही जाणं भागच होतं.