चौदा जणांची पहिली पाळी

कोणतं यंत्र कधी सुरू व्हायचं हे माणूस ठरवतो, यंत्र नाही. मानवी संस्कृती या एका तत्त्वावर उभी आहे. दुर्गजवळच्या कोहक्यातल्या मारोतराव कापगत्यांच्या बैठकीतल्या संगणकाला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. बटण दाबलं की तो स्वतःच्या मर्जीनं चौदा प्रोग्रॅम उघडत बसे आणि एकोणीस मिनिटांनी माणसाकडे वळे.

घरच्यांना त्याची सवय झाली होती. सिंधुताई कुकर चढवताना लेकीला बटण दाबायला सांगत; भात होऊन वाफ जिरली की संगणकही तयार असे. घोटाळा झाला तो टीनाच्या मुलाखतीत. टीना म्हणजे कापगत्यांची धाकटी. नागपूरच्या एका कंपनीत घरबसल्या करायची नोकरी होती आणि शेवटच्या फेरीत संगणकावर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं, त्यामुळे मोबाइल चालणार नव्हता. मुलाखत रंगात आली आणि स्वयंपाकघरात सिंधुताईंनी चटणीसाठी मिक्सर लावला. घराची लाइट गेली. मारोतरावांनी चार सेकंदांत मीटर गाठून खटका वर केला. लाइट आली, मिक्सर फिरला, चटणी झाली. संगणक एकोणिसाव्या मिनिटाला आला, तोवर मुलाखत घेणाऱ्या बाई निघून गेल्या होत्या. टीनानं मेलवर मेल लिहून आणखी एक संधी मिळवली: गुरुवार, सकाळी अकरा. ही शेवटची, असं बाईंनी खाली स्पष्ट लिहिलं होतं.

मारोतराव रोलिंग मिलच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. मिक्सर लावला की आपल्याच घराची लाइट का जाते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि त्यांनाही पडला नाही.

"करंट चार सेकंदात आला," त्यांनी निकाल दिला. "उशीर याच्याकडून हाय."

सोमवारी टीनानं त्यांना संगणकातली ती यादी उघडून दाखवली. मारोतरावांनी चष्मा लावून ती हजेरीपटासारखी वरून खाली वाचली.

"हे चौदा जण कोण होय?"

"बाबा, ये सब अपने आप चालू होतात. कम्प्युटर लागला का हेही लागतात."

"पहिल्या पाळीले चौदा जण? अन काम काय त्याईले?"

काम तसं कोणालाच नव्हतं. एक प्रोग्रॅम प्रिंटरचा होता. प्रिंटर तीन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. चार गौरवच्या खेळांचे. गौरव, म्हणजे थोरला, पाच वर्षांपासून हैदराबादेत होता. अँटीव्हायरस दोन होते. एक घरचा, दुसरा शेजारच्या कमलेशनं प्रेमानं टाकून दिलेला, आणि दोघे रोज सकाळी एकमेकांची झडती घेत. एक दिल्लीचं हवामान सांगे. एकाचं नाव कोणाला वाचता येत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त जागा तोच अडवून बसला होता.

प्रत्येकापुढे एक क्लिक केलं की तो आपोआप उठायचा थांबत होता. टीनानं माउस पुढे नेला. मारोतरावांनी तिचं मनगट धरलं.

"कोणाले इचारून?"

"याच्यात इचाराचं काय?"

"ज्याची मशीन, त्याची सही. मंग बंद."

कारखान्यात त्यांच्या हाताखाली असंच चाले. ज्या विभागाची मोटर, त्या विभागानं लेखी दिल्याशिवाय ती बंद व्हायची नाही. बंद झाली की स्विचवर लाल टॅग लागे, त्यावर काम करणाऱ्याचं नाव. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, इतर कोणी हात लावायचा नाही. चौतीस वर्षांत मारोतरावांच्या पाळीत कोणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

त्यांनी वही आखली. अनुक्रमांक, प्रोग्रॅम, विभाग, सही, लागलेला वेळ. गौरवला ऑफिसात फोन गेला. "डिलीट मारून टाका ना बाबा," तो म्हणाला. बाबांना लेखी हवं होतं. गौरवनं मोबाइलवर अंगठा पाठवला. मारोतरावांनी तो परत पाठवला. शिकलेल्या माणसाचा अंगठा ते स्वीकारत नसत. शेवटी गौरवनं कागदावर सही करून तिचा फोटो पाठवला. कमलेश जातीनं आला, जरासा दुखावला, सही केली, चहा घेतला आणि जाताना तिसरा अँटीव्हायरस देऊ करून गेला. प्रिंटरचा मालक आता भंगारवाला होता. मंगळवारी तो गल्लीत आला तेव्हा त्याचीही सही झाली. आपण नक्की काय कबूल करतोय हे तो कोपऱ्यापर्यंत विचारत होता. न वाचता येणाऱ्या प्रोग्रॅमपुढे मारोतरावांनी 'बेवारस' लिहिलं आणि विभागप्रमुख म्हणून स्वतः सही केली.

एकेक नाव बंद करायचं, संगणक पुन्हा लावायचा, घड्याळ पाहायचं. सतरा मिनिटं. चौदा. नऊ. स्पीकरचा आवाज सांभाळणारा एक आणि घरचा अँटीव्हायरस असे दोघेच पाळीवर उरले तेव्हा बुधवारची दुपार झाली होती. मारोतरावांनी बटण दाबलं आणि संगणक अठ्ठेचाळीस सेकंदांत समोर हात जोडून उभा राहिला.

त्यांनी गल्ली बोलावली. कमलेश म्हणाला, योगायोग असेल. मारोतरावांनी पुन्हा करून दाखवलं. या वेळी सत्तेचाळीस आले. त्यांनी अठ्ठेचाळीसच लिहिले. एक सेकंद हाताशी ठेवला.

गुरुवारी सकाळी वही भरलेली होती, म्हणून ते नवं लांब रजिस्टर आणायला स्कूटरनं दुर्गच्या बाजारात गेले. दहापर्यंत येतो म्हणाले. मधल्या वेळात कोणी काही घुसवू नये म्हणून त्यांनी एका लग्नपत्रिकेचं लाल पाकीट कापून संगणकाच्या बटणावर टांगलं: 'काम चालू आहे. बटण दाबू नये. मा. कापगते.'

साडेदहा झाले तरी मारोतराव आले नाहीत. टीनानं फोन लावला. तो संगणकाशेजारीच वाजला. तिनं टॅगकडे हात नेला आणि सिंधुताई मध्ये आल्या.

"आई, हट ना. आधा घंटा राह्यला."

"तुह्या बापाचा टॅग हाय तो."

"माह्याचसाठी तं लावला त्याईनं."

"कोणासाठी लावला ते त्याच्यावर नाई लिहिलं. कोणं लावला ते लिहिलं हाय."

सिंधुताईंनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. पण चौतीस वर्षं हा माणूस दहा बोटं घेऊन घरी आला होता, आणि त्यांच्या लेखी हा विषय तिथेच संपत होता. टीना खुर्चीत बसली आणि बंद पडद्याकडे पाहू लागली. पावणेअकराला तिचे डोळे भरून आले. ते मात्र सिंधुताईंना बघवेना. दुसऱ्याचा टॅग काढायचा अधिकार फोरमनला असतो, एवढं त्यांना ऐकून ठाऊक होतं. त्यांनी वैशाली नगरात भैयालालजींना फोन लावला. भैयालाल मारोतरावांचे जुने फोरमन. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. सगळी हकिगत सावकाश ऐकून घेऊन त्यांनी टीव्ही बंद केला.

"टॅगवाला कुठं हाय?"

"दुर्गले गेले."

"मशीनपाशी कोण हाय?"

"टीना."

"तिले तीन पावलं मांगं घ्या. आतमधी कोणी हाय?"

"आतमधी कोण राहीन, भाऊजी?"

"पाहून सांगा, वहिनी. न पाहता सांगू नका."

सिंधुताई वाकल्या आणि टेबलाखाली पाहिलं. तिथे गौरवची एक चप्पल होती. त्यांनी तसं कळवलं. चप्पल बाहेर काढायचा हुकूम झाला. ती निघाल्याचं दोनदा विचारून झालं.

"काढा टॅग. त्याच्यावर माह्यं नाव टाका अन टाइम टाका. दहा अठ्ठावन."

टीनानं बटण दाबलं. अकरा वाजायला मिनिटभर असताना ती पडद्यासमोर केस सारखे करून बसली होती.

सव्वाअकराला मारोतराव रजिस्टर घेऊन आले. लेक काम करून दाखवत होती. टेबलावर काढलेला टॅग होता. त्यावर भैयालालजींचं नाव आणि वेळ. सगळं नियमात होतं, त्यामुळे रागावायलाही जागा नव्हती. काय करावं ते सुचेना, म्हणून बाहेरून आल्यावर ते रोज करत तेच त्यांनी केलं. पाण्याची मोटर लावली.

लाइट गेली.

मारोतराव चार सेकंदांत मीटरपाशी होते. त्यानंतरचे अठ्ठेचाळीस सेकंद त्यांनी श्वास घेतला नाही. संगणक आला, टीनानं मुलाखत पुन्हा जोडली, तेव्हा बाई चहाचा कप घेऊन नुकत्याच खुर्चीत टेकत होत्या.

"लाइट गेली होती का?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही एवढ्यात परत? आमच्या ऑफिसातला कम्प्युटर एवढ्या लवकर सुरू होत नाही."

"बाबांनी केलं," टीना म्हणाली.

दाराआड बाबांनी रजिस्टर छातीशी धरलं होतं. मोटरचं बटण त्यांनी हळूच बंद केलं आणि त्याविषयी पुढेही कधी काही बोलले नाहीत.

शनिवारी नेमणुकीचं पत्र आलं. गल्लीत पेढे वाटले. कमलेश स्वतःचा संगणक काखेत घेऊन आला, आणि पंधरवड्यात कोहक्यातल्या चार घरांत बटणावर लाल टॅग लटकत होते. भैयालालजींनी एकदा जातीनं येऊन पाहणी केली आणि चप्पल जिथे सापडली ती जागाही पाहिली.

पहिल्या तारखेला टीना कामावर रुजू झाली. त्याच सकाळी कंपनीनं आपला प्रोग्रॅम पाठवला. तो हजेरीचा होता. संगणक लावला की आपोआप उठायचा, सोबत आपले सहा मदतनीस उठवायचा आणि मगच माणसाला काम करू द्यायचा. मारोतरावांनी नवं रजिस्टर उघडलं, सात ओळी आखल्या, विभागाच्या रकान्यात 'टीना' लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरला.

"कर सही."

"बाबा, हाजिरीचा होय तो. हा बंद केला तं मी ड्यूटीवर आलीच नाई असं दिसन."

चौतीस वर्षं फाटकावर हजेरी लावलेल्या माणसाला हजेरीविरुद्ध बोलता येईना. मारोतरावांनी पेनाचं टोपण लावलं.

सहीचा रकाना अजून कोरा आहे. संगणक आता एकवीस मिनिटांत सुरू होतो.