ट्रॉलीभर गाळाची सोय

मोहबोडीच्या तलावातला गाळ विषारी आहे की नाही हे तपासायला ज्योत्स्ना चंद्रपूरच्या सरकारी ऑफिसातून जीप घेऊन आली, तेव्हा तलावात गुडघाभर पाणी आणि पुरुषभर गाळ होता. गावाला हे प्रमाण उलटं हवं होतं.

मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष सोमाजी पाळीवर उभे होते. उभे राहण्याची त्यांची पद्धत अशी होती, की जवळपास कुणीतरी वारलं असावं असं वाटे.

"मॅडम, पावसाच्या आधी गाळ निघाला त ठीक," ते म्हणाले. "नाई निघाला त तलाव पौषातच आटते. मंग आमची सारी माणसं मिरची तोडाले तेलंगणात. मागच्या साली घराघराले कुलपं होती. गावात मी अन् कुत्रे."

"अरेरे."

"शेवटी कुत्रेबी गेले."

ज्योत्स्नाने समजावलं, की गाळ काढणं सोपं असतं. काढलेला गाळ टाकायचा कुठे, हा खरा प्रश्न. नाल्यावरच्या राइस मिलची राख वर्षानुवर्षं वाहत तलावात येत होती. राखेतलं शिसं तळाशी बसलेलं असतं तोवर गप्प असतं. ढवळलं की पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून माणसात. म्हणून तिने कामाच्या आराखड्यात एक कडक नियम घातला होता: तलावातून एकदा बाहेर आलेला गाळ पुन्हा तलावात जाणार नाही, आणि मंजूर जागा सोडून कुठेही जमिनीला टेकणार नाही. या नियमाबद्दल वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं होतं. मंजूर जागा मात्र अजून कुणी दिली नव्हती. जागामालकाच्या सहीशिवाय काम सुरू होणार नव्हतं.

तिने तलावाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गाळ काढला. पाणी निथळावं म्हणून तो ताटांत पसरायचा असतो, पण ताटं चंद्रपूरलाच राहिली होती. मग तिने पाळीवरच्या पळसाची पानं तोडली, ओळीने मांडली, प्रत्येक पानावर सारखाच ढीग ठेवला आणि डबे आणायला जीपकडे गेली.

मोहबोडीत सामूहिक मासेमारी झाली की मासे असेच वाटतात. पळसाची पानं, सरळ ओळ, सारखे ढीग. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी काही विचारत नाही. प्रत्येक घराने एक पान उचलायचं आणि चालू लागायचं. "यातलं माझं कोणतं?" असं विचारणं म्हणजे वाटणाऱ्याच्या हातावर संशय घेणं. आणि "हे काय वाटून राह्यले?" असं विचारणं तर फारच वाईट.

ज्योत्स्ना डबे घेऊन परत आली तेव्हा पाळीवर काहीच नव्हतं. पानंसुद्धा नव्हती. सोमाजी तेवढे होते.

"भाऊ, इथले नमुने?"

"वाटे गेले ना मॅडम."

"कुठे गेले?"

"घरोघरी. तुम्ही लय सारखे पाडले होते. लोकं तारीफ करत गेले."

ज्योत्स्ना पळतच पहिल्या घरात शिरली. ते सरपंच दुर्गाबाईंचं निघालं. दुर्गाबाई हात धूत होत्या.

"बाई, तुम्ही गाळ आणलात?"

"हाव."

"कुठे आहे?"

"चुलीवर. चूल पोतारली ना म्या त्यानं. पाहा कशी गुळगुळीत झाली. आतापर्यंतचे सरकारी अधिकारी नुसते कागद देत होते बाई, तुम्ही पयल्या निघाल्या काही कामाचं देणाऱ्या."

"त्यावर स्वयंपाक...?"

"झाला ना. वरणात थोडी पापडी पडली चुलीची, काढून टाकली. बसा जेवाले."

गाळातलं विष माणसाच्या ताटापर्यंत पोहोचायला किती काळ लागेल, याचा अंदाज ज्योत्स्नाने आपल्या अहवालात बांधला होता. दहा वर्षं. तलावातून नाल्यात, नाल्यातून शेतात, शेतातून भातात, असा तो मार्ग होता आणि त्याची रंगीत आकृतीही होती. मोहबोडीने हे अंतर दुपारच्या जेवणाआधी कापलं होतं.

ती जेवली नाही. तिने दुर्गाबाईंनाही जेवू दिलं नाही, आणि गाळात विष असू शकतं, तो जमिनीला टेकता कामा नये, हे स्पष्ट सांगितलं. दुर्गाबाईंनी शांतपणे वरणाचं भांडं बाजूला ठेवलं, चूल खरवडली आणि बाहेर येऊन गावभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ज्यानं ज्यानं वाटा नेला त्यानं पाळीवर परत आणा! त्यात जहर आहे म्हणते मॅडम!"

इथवर सगळं सुधारता आलं असतं. पण मोहबोडीत वाटा परत करणं म्हणजे ज्याने वाटला त्याच्याशी संबंध तोडणं. संबंध तोडायचे नसतील तर घेतलं त्याहून जास्त परत करायचं. ज्योत्स्नाशी संबंध तोडावेत असं कुणालाच वाटत नव्हतं. मुलगी चांगली होती, वाटे सारखे पाडत होती. त्यामुळे लोक आधी घमेली घेऊन तलावात उतरले.

ती "नका, नका!" म्हणत पाळीवर पोहोचली, तेव्हा लोक ओळीने बाहेर येत होते. जमिनीला टेकवायचं नाही हे दुर्गाबाईंनी बजावलं होतं, म्हणून सगळे तिथे उभ्या असलेल्या अतुलच्या ट्रॉलीत घमेली रिकामी करत होते. अतुल गावातला एकमेव ट्रॅक्टरवाला. तो झाडाखालून उठून आला तेव्हा ट्रॉली काठोकाठ भरली होती.

"हे काऊन भरली?" तो म्हणाला. "माह्या मेव्हण्याची वरात न्यायची आहे संध्याकाळी!"

"मंग खाली कर तलावात," कुणीतरी म्हणालं.

"तलावात चालणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "बाहेर आलेला गाळ पुन्हा आत जात नाही. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"माझा," ती म्हणाली.

मग तिने नवे नमुने काढले, डब्यांत सील केले, जीपमध्ये ठेवले आणि जीपला कुलूप लावलं. नमुन्यांचा प्रश्न सुटला. ट्रॉलीचा राहिला. सोमाजींचा चेहरा मात्र आणखी उतरला होता.

"मॅडम, एका ट्रॉलीले जागा नाई भेटली," त्यांनी हळूच विचारलं, "त अख्ख्या तलावाच्या गाळाले कोण देईल?"

ज्योत्स्नाने ट्रॉलीवर ताडपत्री बांधायला सांगितली.

शाळेमागच्या मैदानाला दुर्गाबाईंनी नकार दिला. स्मशानाला सगळ्यांनीच नकार दिला. मेलेल्या माणसांना आणखी काय होणार, असं अतुलचं म्हणणं होतं, पण त्याचे स्वतःचे आजोबा तिथे आहेत हे लक्षात आल्यावर त्याने ते मागे घेतलं. मग ट्रॅक्टर जंगलाच्या वाटेला लागला. जीप पुढे, ट्रॉली मागे, आणि ट्रॉलीत ताडपत्रीवर सोमाजी.

जंगलाच्या हद्दीवर वनरक्षक अंकुश उभा होता.

"काय आहे?"

"गाळ."

"कायले झाकला मंग?"

"विषारी असू शकतो," ज्योत्स्ना म्हणाली.

अंकुशने टोपी सरळ केली. "वनजमिनीवर टाकता येत नाई. परवानगी लागते. नागपूरहून येते ते."

"आम्ही टाकत नाही, फक्त पलीकडे जातोय."

"जा ना. पण एक ढेकूळ जरी हद्दीत पडलं त माह्यावर येते. मी बसतो वर." आणि तो हातात काठी घेऊन सोमाजींशेजारी बसला.

पलीकडच्या गावाला बातमी आधीच पोहोचली होती. तिथली तरुण पोरं मोटारसायकली आडव्या लावून थांबली होती.

"इथी नाई टाकायचं."

"नाई टाकत रे भाऊ, जाऊन राह्यलो," सोमाजी म्हणाले.

"आमची शीव संपेपर्यंत मागं येतो आम्ही. भरोसा नाई."

आता पुढे सरकारी पाटीची जीप, मागे ताडपत्री बांधलेली ट्रॉली, ट्रॉलीवर काठीवाला वनरक्षक आणि त्यामागे मोटारसायकलींची रांग. ही वरात अतिशय गंभीरपणे मूल गावाच्या रस्त्याला लागली. अतुल मधूनमधून मागे वळून बघत होता. मेव्हण्यासाठी त्याने एवढ्या गाड्या मागितल्या होत्या, तेव्हा कुणी आलं नव्हतं.

राइस मिलच्या फाटकासमोर ट्रॅक्टर तापला. अतुल पाणी मागायला उतरला, आणि मिलचे मालक गोपालशेठ फाटकाबाहेर आले.

गोपालशेठच्या मनात एक जुनी सल होती. तिकडे सूरजागडचा डोंगर लोखंडासाठी खोदायला सुरुवात झाली तेव्हा त्यांच्या साडूने ट्रक लावून पैसा केला आणि शेठ तांदूळच भरडत राहिले. त्यानंतर जमिनीतून निघणारी कोणतीही गोष्ट बंदोबस्तात जाताना दिसली, की त्यांचे पाय तिथून हलत नसत.

"काय आहे जी ट्रॉलीत?" त्यांनी विचारलं.

"गाळ," सोमाजी म्हणाले.

"गाळ." शेठनी वनरक्षकाकडे पाहिलं. जीपकडे पाहिलं. मोटारसायकलींकडे पाहिलं. "अन् हे सारे?"

"एक ढेकूळबी पडाले नाई पायजे म्हणून," अंकुश म्हणाला.

"बरं. कुठी नेऊन राह्यले?"

"जागा शोधतोय," ज्योत्स्ना म्हणाली. "शेठ, स्पष्टच सांगते. हा मोहबोडीच्या तलावातला गाळ आहे. यात तुमच्याच मिलच्या राखेतलं विष असण्याची दाट शक्यता आहे."

शेठ समजूतदारपणे हसले. "हाव. विषच सांगाव लागते. चार लोकं जमले आहेत."

"नाही, खरंच विष आहे."

"मी कुठी नाई म्हणून राह्यलो?" त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, माह्यापाशी सिमेंटचा हौद आहे. पक्का. थेंब झिरपत नाई."

हे खरं होतं. मिलच्या राखेसाठी परवानगीच्या वेळी बांधलेला तो प्रचंड हौद आवारात होता. त्यात आजवर राख सोडून सगळं झालं होतं. शेठच्या मुलीच्या लग्नाची पंगतही तिथेच उठली होती.

ज्योत्स्नाने हौद पाहिला. तिच्या आराखड्यात हवा होता तस्साच, अस्तर लावलेला, कोरडा आणि तलावभर गाळ मावेल एवढा. ती प्रामाणिक होती, म्हणून तिने सगळ्या अटी एकामागून एक सांगितल्या. एक ट्रॉली नाही, सगळा गाळ घ्यावा लागेल.

"सारा? साराच देता?" शेठचा आवाज कापरा झाला.

वरून झाकावा लागेल. भोवती कुंपण लागेल. खर्च तुमचा.

"झाकतो ना. कॅमेरा बसवतो."

आत आलेला गाळ तुम्हालाही बाहेर काढता येणार नाही. ढवळला तर धोका आहे. जिवाला.

"मॅडम," शेठ भारावून म्हणाले, "तुम्ही जितकं भेव दाखवता ना, तितका माहा भरोसा वाढून राह्यला. कुठी करू सही?"

ज्योत्स्नाने शेवटचा प्रयत्न म्हणून सोमाजींकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही सांगा यांना. यात काय आहे?"

सोमाजींनी आयुष्यात खोटं सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही. "शेठ, हे घाण आहे," ते म्हणाले. "तुमचीच आहे. म्या मेलेले मासे पाहिले आहेत."

"पाहा," शेठ ज्योत्स्नाला म्हणाले, "यानंबी कसं पाठ केलं." आणि सही केली. शिवाय एक अट त्यांनी आपल्या अक्षरात वाढवली: तलावातला एक घमेलंभर गाळसुद्धा दुसऱ्या कुणाला देऊ नये.

तपासणीत गाळ विषारीच निघाला. जागा मंजूर होती, त्यामुळे काम अडलं नाही. मृगाच्या आधी तलाव मोकळा झाला आणि अखेरची ट्रॉली शेठनी स्वतः उभं राहून मोजूनमापून आत घेतली. पौषात मिरचीच्या ठेकेदाराची गाडी मोहबोडीत आली, तेव्हा सगळा गाव कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होता. ठेकेदार थोडा वेळ पाळीवर उभा राहिला, मासे विकत घेऊन मजुरांविना परत गेला.

त्याच हिवाळ्यात गोपालशेठ चंद्रपूरला ज्योत्स्नाच्या ऑफिसात आले. त्यांनी एक बाटलीभर गाळ गुपचूप नागपूरला तपासून घेतला होता.

"मॅडम, हे त माह्यीच राख आहे!"

"हो."

"यात लोखंड नाई, काही नाई. नुसतं जहर आहे!"

"हो, शेठ."

मग शेठनी सांगितलं, की त्यांनी एक ट्रॉली भरून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता. जंगलाच्या हद्दीवर एक वनरक्षक चढून बसला. पुढच्या गावात मोटारसायकली आडव्या होत्या. मोहबोडीत सरपंचबाईंनी चहा पाजला आणि ट्रॉलीसकट परत पाठवलं. आता कायद्याने काय करता येईल याचा अभ्यास कुणीतरी करून द्यावा, अशी त्यांची विनंती होती.

ज्योत्स्नाने अभ्यास केला. तिने हौद तपासला, अस्तर तपासलं, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासलं, सगळे धोके मांडले, आणि निष्कर्ष काढला की गाळ आहे तिथेच राहू देणं सर्वांत सुरक्षित आहे. अहवालात याही वेळी रंगीत आकृती होती. तिच्यात हौदातून बाहेर जाणारा बाण एकही नव्हता.

शेठनी अहवाल दोनदा वाचला.

"अन् नाल्यात तुम्ही टाकू देत नाई, हौद भरला, त आता मिलची राख कुठी टाकू?" त्यांनी विचारलं.

"तोच खरा प्रश्न असतो, शेठ," ज्योत्स्ना म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.